डोंगरावरची तार

आमच्या घरात भिंतीवर दोन घड्याळे आहेत. एक आपल्या भारतीय वेळेचे. दुसरे त्याच्या साडेपाच तास मागे चालते. घरी पाहुणे आले की कोणी ना कोणी सांगतेच, "अहो, तुमचं हे घड्याळ बंद पडलंय." ते बंद नसते. ते जागतिक वेळ दाखवते. जगभरचे हौशी रेडिओचालक, ज्यांना सगळे 'हॅम' म्हणतात, आपल्या वहीत याच वेळेने नोंद करतात. त्यामुळे जपानमधल्या माणसाची नोंद आणि तळेगावातल्या माणसाची नोंद मिनिटाला मिनिट जुळते. या दोन घड्याळांच्या मधोमध नमाजाच्या वेळांचा तक्ता लावलेला आहे. आमचा रविवार या तिन्हींकडे पाहून ठरतो.

आम्ही म्हणजे नवरा-बायको, एकोणीस वर्षांची लेक, चौदा वर्षांचा मुलगा आणि अब्बा. आम्हा दोघांपैकी एक जण तळेगावच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे आणि दुसरी शाळेत शिकवते. अब्बांची नोकरी तारखात्यात गेली. लहानपणी आम्ही त्यांच्या ऑफिसात डबा घेऊन जात असू, तेव्हा ते यंत्रावर मान झुकवून बसलेले असायचे आणि कट्ट-कडकट्ट आवाज चाललेला असायचा. त्या काळी दारात तारवाला दिसला की बायका आधी डोळ्यांना पदर लावत आणि मग कागद कोणाकडून तरी वाचून घेत. कोणाचा इंतकाल, कोणाची नोकरी, कोणाचे जहाज मुंबईला लागले, हे सगळे अब्बांच्या बोटांतून गेलेले.

14 जुलै 2013 च्या रात्री देशातल्या शेवटच्या तारा स्वीकारल्या गेल्या आणि 15 जुलैपासून ही सेवा बंद झाली. अब्बा तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती, पण त्या दिवशी ते फारसे बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनी स्टीलचा पेला पालथा घातला, त्यावर चमच्याने काही ठोकले आणि सात वर्षांच्या नातीला म्हणाले, "हे तुझं नाव." त्या संध्याकाळपासून ती शिकायला लागली. मोर्सची लिपी ठिपके आणि रेघांची आहे, पण ती डोळ्यांनी शिकायची नसते, कानांनी शिकायची असते, हे अब्बांचे पहिले सांगणे. ठिपका म्हणजे 'डिट', रेघ म्हणजे 'डा'. मूल जसे आधी बोलणे ऐकते आणि मग अक्षर ओळखते, तसेच हे.

आपल्याकडे हौशी रेडिओचा परवाना केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाकडून मिळतो. त्यासाठी परीक्षा असते आणि वयाची 12 वर्षे पूर्ण झालेली कोणीही व्यक्ती ती देऊ शकते. रेडिओचे शास्त्र आणि नियम असे तिचे दोन भाग. परवान्याच्या दोन पायऱ्या आहेत, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. जनरलसाठी मोर्सचीही परीक्षा द्यावी लागते; मिनिटाला 8 शब्द या वेगाने पाठवायचे आणि घ्यायचे. लेकीने जनरल केले. आम्ही दोघे रिस्ट्रिक्टेडवर थांबलो. घरात सर्वांत मोठा परवाना सर्वांत लहान हाताकडे आहे, असे अब्बा येईल त्याला सांगतात.

वाचकहो, तुम्ही विचाराल की हातात मोबाईल असताना हा खटाटोप कशासाठी? मोबाईलवर आपण बोलतो तेव्हा आपला आवाज जेमतेम पुढच्या टॉवरपर्यंत हवेतून जातो. तिथून पुढे केबल, यंत्रे, कंपन्या, समुद्राच्या तळाशी टाकलेल्या तारा हे सगळे त्याला वाहून नेते. हॅम रेडिओत तुम्ही आणि पलीकडचा माणूस यांच्यामध्ये कोणीच नसते. असते ते आकाश. आमच्या संचाची ताकद 5 वॅट, म्हणजे रात्री घरात लावतो त्या लहान एलईडी दिव्याएवढी. तेवढ्या ताकदीवर कधी ओमान, कधी इटली, कधी जपान उत्तर देते. ज्या दिवशी उत्तर येते त्या दिवशी आम्हाला आजही तितकेच नवल वाटते.

हे घडते कसे, ते मुलांना समजावताना आम्हालाही नीट समजले. जमिनीपासून सुमारे 250 ते 400 किलोमीटर उंचीवर हवेचा एक फार विरळ थर सूर्याच्या प्रकाशाने विद्युतभारित झालेला असतो. ठरावीक लांबीच्या लहरी तिथून वळून पुन्हा जमिनीवर येतात. एका उडीत त्या चार हजार किलोमीटरपर्यंत जाऊ शकतात. म्हणजे मावळातून निघालेली लहर कुवेतला एका उडीत पोहोचते, जपानला दोन उड्या लागतात. सूर्यावरच्या डागांचे साधारण 11 वर्षांचे चक्र असते. डाग वाढले की वरचा थर तगडा होतो आणि दूरची स्थानके सहज लागतात. 2024 च्या सुमारास हे चक्र भरात होते, म्हणून आमच्या वहीतली त्या वर्षाची पाने सर्वांत भरलेली आहेत.

मग घरी गच्चीवर बसून का बोलत नाही? तळेगावात आमच्या गच्चीवर संच लावला की पहिल्यांदा ऐकू येते ती खरखर. शेजारच्या इमारतीची लिफ्ट, इन्व्हर्टर, मोबाईलचे चार्जर, स्वस्त एलईडी बल्ब आणि पलीकडे कारखाने. यातले प्रत्येक यंत्र थोडी थोडी रेडिओची खरखर हवेत सोडते. त्या गोंगाटात पाच वॅटचा परदेशी पाहुणा कुठला ऐकू येणार! डोंगरावर गेले की हा गोंगाट मागे राहतो. संचाचा काटा शून्यावर टेकतो आणि हेडफोनमध्ये आधी ऐकू येते ती शांतता, मग तिच्या तळाशी एखादा बारीक सूर.

त्यासाठी आम्ही नवलाख उंबऱ्याकडे जातो. तळेगावच्या उत्तरेला हे गाव आहे. आता त्याचे नाव कारखान्यांच्या पत्त्यांवर जास्त वाचायला मिळते. मोठमोठ्या गाड्यांचे रस्ते, कंपन्यांच्या भिंती, कामगारांच्या बसेस. पण औद्योगिक भाग संपला की एकदम जुने मावळ लागते. भाताची खाचरे, जाधववाडीच्या धरणाचे पाणी, करवंदीच्या जाळ्या आणि मागे डोंगर. लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना हे नावाजलेले गड आमच्याच तालुक्यात आहेत, पण तिथे आम्ही तार ताणत नाही. गडांवर माणसे इतिहास पाहायला येतात आणि लोहगड तर 2025 साली जागतिक वारशाच्या यादीत गेला. तिथे आमचे बांबू आणि दोऱ्या कोणाच्या पायात यायला नकोत. आमची टेकडी अगदी साधी, नकाशावर तिला नाव नाही.

जगात अशा डोंगरावरच्या रेडिओचा एक मोठा उपक्रम आहे, 'समिट्स ऑन द एअर'. तो 2 मार्च 2002 रोजी ब्रिटनमध्ये सुरू झाला आणि नंतर देशोदेशी पसरला. त्याचे नियम आम्हाला फार आवडतात. शेवटची चढण पायीच चढायची, गाडीतून बोलायचे नाही. शिखरापासून 25 मीटर उंचीच्या आतच बसायचे. पेट्रोल-डिझेलचा जनरेटर चालत नाही. आणि किमान चार वेगवेगळ्या स्थानकांशी बोलणे झाले तरच त्या शिखराचे गुण. आमची टेकडी अशा कोणत्या यादीत नाही, पण मुलांनी हे नियम घरचे म्हणून पाळायचे ठरवले आहे. चार स्थानके झाल्याशिवाय धाकटा डबा उघडू देत नाही.

उंचीचा खरा फायदा लहान लहरींना होतो. हातात धरायच्या छोट्या वायरलेसच्या लहरी आकाशातून वळून येत नाहीत, त्या बहुतेक नजरेच्या सरळ रेषेत जातात. लेकीने धाकट्याला एक सोपा हिशेब शिकवला आहे. आपण भोवतालापेक्षा जितके मीटर उंच आहोत त्याचे वर्गमूळ काढायचे आणि 4.12 ने गुणायचे. उत्तर किलोमीटरमध्ये येते. सपाट मैदानात हातातला संच जमिनीपासून दोन मीटरवर धरला तर सहा किलोमीटरदेखील नाहीत. दोनशे मीटर उंच टेकडीवर चढलो तर 58 किलोमीटर. आणि सह्याद्रीच्या कड्यावर, कोकणापासून हजार मीटर उंचीवर उभे राहिलो तर 130 किलोमीटर! पुण्याच्या दूरदर्शनचा मनोरा सिंहगडावर का उभारला, हे मग धाकट्याला सांगावे लागले नाही.

सामान फार नसते. डब्याएवढा संच, बॅटरी, दहा मीटर लांबीची तांब्याची तार, मासे धरायचा घडीचा लांब गळ, सुतळी, मोर्सची किल्ली, वही आणि पेन्सिल. पेन थंडीत आणि वाऱ्यात दगा देते, पेन्सिल देत नाही. 14 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी तारेची लांबी सुमारे दहा मीटरच लागते. ती मधून गळाच्या टोकाला उचलायची आणि दोन्ही टोके सुतळीने झुडपांना बांधायची. तार दक्षिणोत्तर ताणली की लहरी पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे जास्त जातात. पुण्याहून किब्ला पश्चिमेपासून सुमारे अकरा अंश उत्तरेकडे आहे. त्यामुळे आमच्या पिशवीत होकायंत्र एकच, आणि कामे दोन.

आम्ही ऑक्टोबर ते मार्च जातो. पावसाळ्यात नाही. एप्रिल-मेमध्ये वळिवाचे ढग दिसले की नाही. वीज अजून दूर असते, आकाशात काही दिसत नसते, पण हेडफोनमध्ये कडाडल्यासारखे आवाज येऊ लागतात. तो आवाज आला की तार खाली आणि आम्हीही खाली, मग समोर कोणी का बोलत असेना.

सर्वांत चांगली वेळ मगरिबच्या आसपासची. दिवसा आकाशात खालच्या बाजूला एक थर असतो, तो लांब लहरी पिऊन टाकतो. सूर्य कलला की तो थर विरत जातो, पण वरचा, लहरी वळवणारा थर अजून जागा असतो. पृथ्वीवर जिथे जिथे त्या घडीला संधिप्रकाश असतो, तिथल्या तिथल्या माणसांना एकमेकांचे आवाज अचानक जवळ आल्यासारखे ऐकू येतात. ही वेळ थोडीच टिकते. आम्ही संच बंद करतो, नमाज अदा करतो आणि पुन्हा लावतो. एकदा शाबानच्या 29 तारखेला चंद्र पाहायला म्हणून आम्ही टेकडीवरच थांबलो होतो. धाकट्याने विचारले, चंद्रापर्यंत आपला आवाज जाईल का? जातो. मोठ्या अँटेना लावून काही हॅम चंद्रावर आपली लहर आपटवतात आणि तिचा प्रतिध्वनी अडीच सेकंदांनी परत येतो. आमच्या पाच वॅटचे ते काम नव्हे. त्या दिवशी आम्हाला चंद्र दिसला, तेवढे पुरे होते.

पुणे जिल्ह्याचे आणि रेडिओचे नाते तसे जुने आहे. 1927 साली हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यात बिनतारी संदेशांची जी 'बीम' सेवा सुरू झाली, तिचे पाठवण्याचे केंद्र खडकीला होते आणि घेण्याचे केंद्र दौंडला. 1971 साली परदेशाशी उपग्रहामार्फत बोलण्याचे देशातले पहिले भूकेंद्र जुन्नर तालुक्यात आर्वीला उभे राहिले. त्याच तालुक्यात खोडदला आज 45 मीटर व्यासाच्या तीस दुर्बिणी आकाशातल्या रेडिओ लहरी ऐकत असतात. अब्बा म्हणतात, "आपल्या जिल्ह्याचे कान पहिल्यापासून तिखट."

हवेवर बोलताना एक संकेत पाळायचा असतो. राजकारण, धर्म, धंदा यांवर बोलायचे नाही. आपली खूण सांगायची, समोरच्याचा आवाज किती स्पष्ट येतो ते सांगायचे, नाव, गाव, हवा, संच. यात काय मजा, असे वाटेल. पण जॉर्डनचे राजे हुसेन हेही हॅम होते आणि त्यांची खूण होती 'जेवाय वन'. त्यांच्याशी बोलणाऱ्यालाही याच रांगेत उभे राहावे लागे आणि त्यांनाही. कतारने नोव्हेंबर 2018 मध्ये सोडलेल्या एका उपग्रहावर हौशी रेडिओसाठी जागा राखली आहे. भूस्थिर कक्षेतून हौशी चालकांना अशी सोय मिळण्याची ती जगातली पहिलीच वेळ. आपल्या पश्चिम आकाशात तो कायम एका जागी असतो. आपल्या देशानेही 5 मे 2005 रोजी 'हॅमसॅट' नावाचा खास हौशी चालकांचा उपग्रह श्रीहरिकोट्याहून सोडला होता आणि तो 2014 पर्यंत चालला.

आता जे लिहायचे आहे ते लिहावे की नाही, यावर आमच्यात दोन-तीन दिवस बोलणे झाले. लेक म्हणाली, लिहा.

जानेवारीतला रविवार होता. असरची नमाज झाली होती. लेक किल्लीवर होती आणि इंडोनेशियातल्या एका स्थानकाशी तिचे बोलणे रंगात आले होते. तेवढ्यात पाच-सहा तरुण वर आले. ते गावातले नव्हते, फिरायला आलेले असावेत. आधी त्यांनी नुसते पाहिले. मग एकाने मोबाईल काढून चित्रण सुरू केले. हे काय आहे, विचारले. आम्ही सांगितले. कोणाशी बोलता, विचारले. तेही सांगितले. मग नावे विचारली. आम्ही नावे सांगितली. त्यानंतरचे प्रश्न वेगळे होते.

"इंडोनेशियात कोण आहे तुमचं?" "ही कोड भाषा कशाला?" "डोंगरावरच का?" एक जण बाजूला जाऊन फोनवर बोलू लागला. लेकीने हेडफोन काढला नाही. तिने समोरच्या माणसाला नियमाप्रमाणे निरोप दिला, वेळ लिहिली आणि मगच मान वर केली. धाकटा मात्र आमच्या जवळ येऊन उभा राहिला. त्याचा हात थंडगार होता.

आमचे कागद सगळे बरोबर होते. परवान्याच्या आधी पोलीस पडताळणी झालेली, घराबाहेर केंद्र लावण्याविषयीचे नियम वाचून रीतसर कळवलेले, प्रत सोबत. पण कागद वाचणारा माणूस येईपर्यंत कागदाला काही किंमत नसते. तो तासभर कसा गेला, ते आम्हालाच माहीत. त्या वेळात खालच्या वाडीतले एक म्हातारे मामा गुरे घेऊन तिथून जात होते. ते थांबले. त्यांनी एकदा आमच्याकडे पाहिले, एकदा त्या मुलांकडे. म्हणाले, "ही माणसं तीन वर्सं येत्यात. झाडाला दोरी बांधत्यात आन् जाताना सोडून नेत्यात. कागुद बी टाकीत नाहीत. तुम्ही पहिल्यांदाच आला नव्हं?" एवढे बोलून ते आमच्या शेजारी दगडावर बसले आणि गुरे खाली उतरली तरी उठले नाहीत.

हवालदार आले ते दम लागलेले. परवाना पाहिला, फोन केला, पुन्हा पाहिला. आम्ही पाणी दिले. लेकीने त्यांना संचावर एक स्थानक लावून दाखवले. ते थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "आमच्या वायरलेसला डोंगर आडवा आला की आवाज जातो. तुमचं इथनं कुठवर जातं?" मग लेकीने त्यांना वर्गमुळाचा हिशेब सांगितला. पुढच्या वेळी ठाण्यात आधी सांगून ठेवा, बरे पडेल, असे म्हणून ते गेले. तरुणही गेले. कोणी आम्हाला हात लावला नाही, शिवी दिली नाही.

पण रात्री ते चित्रण मोबाईलवर फिरू लागले. त्यात हवालदार नव्हते, परवाना नव्हता. तार होती, किल्लीचा आवाज होता आणि आमची नावे होती. नात्यातले फोन आले. बहुतेकांचा सूर एकच, "असल्या गोष्टी आपल्यासारख्यांनी कशाला कराव्या?" एका मावशीने वेगळे विचारले, "पोरीचं लग्न व्हायचंय, डोंगर-दऱ्यांत कुठे नेता तिला?" कारखान्यात एक सहकारी आजही हसत विचारतो, "काय, आज कोणाशी संपर्क?" त्याच्या मनात काही नसावे. पण हसायला वेळ लागतो.

दोन रविवार आम्ही गेलो नाही. कोणी ठरवले नव्हते, पण पिशवी कोपऱ्यात तशीच राहिली. तिसऱ्या आठवड्यात जेवताना विषय निघाला. आम्ही दोघे सोडून देण्याच्या बाजूला झुकलो होतो. मुलांच्या जिवाला घोर नको, एवढेच आमचे म्हणणे. लेक म्हणाली, "जो लपून बोलतो तो आधी स्वतःची खूण सांगतो का? आम्ही दर दहा मिनिटांनी सांगतो. सगळं जग ऐकू शकतं. मोर्स कोड भाषा नाही, ती तर दादाजींच्या ऑफिसात पाटी लावून चालायची." अब्बांना आता कमी ऐकू येते, म्हणून आम्हाला वाटले त्यांचे लक्ष नाही. ते म्हणाले, "तारेच्या फॉर्मवर पाठवणाऱ्याचं नाव आणि पत्ता लागायचाच. नाव सांगायला जो घाबरतो, त्याची तार मी कधी घेतली नाही. तुम्ही नाव सांगून बोलता. मग बसलात का?"

त्यानंतर आम्ही एक पद्धत ठेवली आहे. हंगाम सुरू होण्याआधी ठाण्यात आणि ग्रामपंचायतीत मराठीत पत्र देतो. कोण येणार, कोणत्या वारी, काय सामान. परवान्याची मराठीत समजावलेली एक प्रत सोबत ठेवतो. इतरांना हे सगळे करावे लागत नसेल, हे आम्हाला कळते. तसे वाटले की बोचते. पण बोचते म्हणून घरी बसलो तर ती टेकडी आमची राहणार नाही, हेही कळते. त्या हंगामात पहिल्यांदा वर गेलो तेव्हा मामांनी लांबून हात केला. पुढे जवळच्याच एका शाळेतल्या शिक्षकांनी बोलावले आणि लेकीने तिथल्या मुलांना पेल्यावर चमच्याने मोर्स शिकवली. मुलांनी आपापली नावे ठोकली, तेव्हा वर्गात असा काही कलकलाट झाला की मुख्याध्यापक पाहायला आले.

हे सगळे नुसत्या हौसेसाठी करावे का, असेही कोणी विचारते. 26 डिसेंबर 2004 रोजी त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद हॅम रेडिओच्या उपक्रमासाठी पोर्ट ब्लेअरला आपल्या चमूसह होत्या. अंदमान-निकोबारचे फोन बंद पडले, आणि त्यांनी त्या हौशी संचावरून बातम्या आणि निरोप मुख्य भूमीकडे पाठवले. बेटावरच्या माणसांची खुशाली घरच्यांना त्या बाईंच्या आवाजात कळली. 26 जानेवारी 2001 च्या भूजच्या भूकंपातही हॅम मंडळी संच घेऊन धावली होती.

आपल्या सह्याद्रीत संकट डोंगरातूनच येते. 30 जुलै 2014 रोजी आपल्याच जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला आणि 151 माणसे गेली. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूरजवळ इर्शाळगडाच्या उतारावरची इर्शाळवाडी गाडली गेली. तिथे गाडीचा रस्ता नव्हता, मदत करणाऱ्यांना पावसात पायी चढावे लागले. अशा जागी मोबाईलच्या टॉवरचा काय भरवसा? एखाद्याच्या पाठीवर बॅटरी, दहा मीटर तार आणि ती कुठे कशी बांधायची हे माहीत असलेले हात असतील तर खाली निरोप जाऊ शकतो. ते हात संकटाच्या दिवशी तयार होत नाहीत. रविवारच्या रविवारी टेकडीवर, कोणाच्या तरी हवेची विचारपूस करत करतच तयार होतात. वाऱ्यात तार कशी तगते, ओल्या दोरीची गाठ कशी सुटते, बॅटरी किती तास पुरते, हे पुस्तकात वाचून कळत नाही.

आता या पावसाळ्यात लेकीने जिल्ह्यातल्या आपत्ती व्यवस्थापनाच्या कामासाठी स्वयंसेविका म्हणून अर्ज केला आहे. उत्तर अजून आलेले नाही. तिची पिशवी दाराजवळ भरून ठेवलेली असते आणि दर शुक्रवारी ती बॅटरी तपासते. आम्ही दुआ करतो की ती पिशवी घेऊन धावायची वेळ कोणावर न येवो, आणि आलीच तर तिच्या तारेला उत्तर मिळो.

बहिणींनो, बंधूंनो, तुमच्या घरात एखादे मूल बंद पडलेले रेडिओ उघडून बसत असेल तर त्याला रागावू नका. बारा वर्षांचे झाले की ते परीक्षेला बसू शकते, मुलगा असो वा मुलगी. पहिल्याच दिवशी महागडा संच घेण्याची काही गरज नाही. घरात माळ्यावर एखादा जुना शॉर्टवेव्हचा रेडिओ पडलेला असेल तर तो खाली काढा, सेल घाला, दहा मीटर तार खिडकीतून बाहेर सोडा आणि दिवे लागायच्या वेळी त्या मुलाच्या हातात बटण द्या. सुरुवातीला नुसती खरखर ऐकू येईल. त्याला बटण फिरवत राहू द्या.